नाक माझं, जीभ तुमची

अहो आई,

तुम्हाला जाऊन आज तीन आठवडे झाले. पाहुणे गेले, शेजारून आणलेली भांडी परत गेली, खालच्या नोटीस बोर्डावरचा तुमचा फोटोही काल वॉचमननं काढून वर आणून दिला. "फोटोत मॅडम हसतायत, त्यामुळे लोकांना ओळखायला वेळ लागला," असं तो म्हणाला. त्यावर तुम्ही काय म्हणाला असतात ते मला बरोबर माहीत आहे. इथे लिहीत नाही.

आज महिन्याचा पहिला रविवार. बाटली उघडायची नाही असं मी सकाळीच ठरवलं होतं. उघडली. कशी, ते पुढे सांगते. आधी थोडं मागचं बोलू, कारण आपल्या दोघींत मागचं बोलायचं बरंच राहून गेलं.

दोन वर्षांपूर्वी तुमच्या मैत्रीण नलूताई पोर्तुगालच्या सहलीवरून आल्या आणि पिशवीतून ती बाटली काढून त्यांनी तुमच्यासमोर ठेवली. त्या स्वतः ताकाच्या पुढे कधी गेल्या नाहीत. म्हणाल्या, "सुमन, तू तीस वर्षं एसेन्सच्या कंपनीत वास घेण्याचा पगार घेतलास ना? मग यात काय काय आहे ते ओळख. दुकानदार बरंच काही सांगत होता, मला ओ की ठो कळलं नाही."

तुम्ही बाटली खिडकीजवळ नेऊन उजेडात धरलीत. आत कोऱ्या चहासारखा लालसर तपकिरी रंग होता. निखिल लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाला, "आई, आपल्या घरात दारू?"

"दारू नाही, अभ्यास."

"अगं, परवाना लागतो."

"सत्तरी ओलांडलेल्या बाईला पकडायला कोणी विश्रांतवाडीपर्यंत आलाच, तर त्याला बसायला खुर्ची देऊ."

मग तुम्ही तीन दिवस चष्मा लावून वाचत बसलात आणि जेवताना आम्हाला शिकवलंत. ही मदेरा. समुद्रातल्या एका बेटावरची वाइन. द्राक्षाच्या वाइनमध्ये वरून ब्रँडी घालतात, म्हणून ती कडक होते आणि टिकते. मग लाकडी पिंपात भरून वर्षानुवर्षं तापत्या माळ्यावर ठेवतात. आपली दहा वर्षं पिंपात राहिलेली आणि गोड नसलेल्या जातीची. पूर्वी ही पिंपं जहाजातून हिंदुस्थानापर्यंत यायची आणि परत जायची, आणि उन्हातान्हातून फिरून आलेली जास्त चांगली लागायची, हे वाचून तर तुम्ही हरखलात. "म्हणजे हिला वळण आपल्याकडच्या उकाड्यानं लावलं," असं म्हणून तुम्ही फ्रिजमध्ये ठेवायला साफ नकार दिलात.

उघडल्यावरही ती महिनोन्महिने बिघडत नाही, हे कळल्यावर नियम ठरला. महिन्याचा पहिला रविवार, दुपारी चार, चहाच्या आधी. तुमच्या लॅबमधल्या जुन्या मोजपात्रानं मोजून पंधरा मिलिलिटर. निखिलला यात रस नव्हता. तुम्ही ग्लास माझ्यापुढे सरकवलात.

मी म्हटलं, "मला नको."

"का?"

"नको."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. एरवी एका 'का'नंतर तुमचे आणखी तीन 'का' रांगेत उभे असायचे. भाजीत मीठ कमी का, ऑफिस खराडीत असताना घर इथे का घेतलं, तुझी आई फोनवर एवढ्या मोठ्यानं का बोलते. त्या दिवशी मात्र एकावर थांबलात. म्हणालात, "बरं. मग नुसता वास घे. वासाला परवाना लागत नाही."

मी वास घेतला आणि म्हटलं, "छान आहे."

"छान हा वास नाही, अभिप्राय आहे. वास सांग."

"गोड."

"गोड हा जिभेचा शब्द. नाकाला उसना देऊ नकोस. शीतल, तू ऑफिसात 'सॉफ्टवेअर छान आहे' असं लिहून देतेस का?"

मी टेस्टर आहे. कुठे, काय, कसं बिघडलं ते नेमकं लिहायचं, हेच माझं काम. मला राग आला आणि मी परत ग्लासात नाक घातलं. त्या दिवशी मला फक्त मनुका सापडल्या. तुम्हाला अक्रोडाची साल, संत्र्याची वाळकी साल, जुन्या लाकडी पेटीचा आतला वास आणि किंचित धूर सापडला. शाळकरी वहीत तारीख घालून तुम्ही सगळं उतरवलंत. माझ्या मनुका कंसात.

त्या रविवारांनी मला काय दिलं, ते तेव्हा कळलं नाही. लग्नाला पाच वर्षं झाली होती, तरी तुमच्यासमोर बसून मी कधी अर्धा तास बोलले नव्हते. गोंदियाकडून आलेली मुलगी पुण्यातल्या घरात जपून बोलते. 'मले' तोंडातून जाऊ नये म्हणून 'मला' म्हणायच्या आधी अर्धा क्षण थांबते. त्या ग्लासावर वाकल्यावर तो अर्धा क्षण गेला. पुणेरी असो की झाडीपट्टीतली, वासाला नेमका शब्द शोधताना दोघींचीही सारखीच पंचाईत व्हायची.

तुमचा धाक होताच. पण त्या धाकाचा फायदाही मीच घेत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात मला अडवून "काही गोड बातमी?" असं विचारलं, तेव्हा मागून तुम्ही येत होतात. "आहे ना," तुम्ही म्हणालात, "आज आमच्याकडे श्रीखंड आहे." त्या काकूंनी नंतर मला फक्त पाण्याच्या वेळा विचारल्या.

चौथ्या महिन्यात ते झालं. ग्लास नाकाशी नेला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मोह."

"कुठला? मायेबरोबरचा?"

"नाही हो. मोहाची फुलं. झाड असतं आमच्याकडे."

मग मी सांगत सुटले. चैत्रात उजाडायच्या आत आजीबरोबर टोपली घेऊन जायचं. रात्रभर टपटपलेली पिवळट फुलं झाडाखाली गच्च पडलेली असतात. ती वेचून अंगणात वाळत घालायची. चार उन्हं खाल्ली की ती तांबूस होतात, आक्रसतात, आणि तेव्हा त्यांना येणारा वास अगदी हा. मनुका नव्हेत, मी चार महिने चुकीचं सांगत होते.

तुम्ही डोळे मिटून पुन्हा वास घेतलात, पुन्हा घेतलात. मग जरा चिडूनच म्हणालात, "मला येत नाही. मी तो वास कधी घेतलेलाच नाही, तर मला येणार कसा!" आणि वहीत लिहिलंत, मोहाची वाळलेली फुलं, पुढे माझं नाव. या वेळी कंस नव्हता. मग सहज विचारलंत, "त्याची दारू काढतात ना गं?"

"काढतात," म्हणून मी चहा टाकायला उठले.

माझे बाबा काविळीनं गेले, असं आम्ही लग्नाच्या वेळी सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. कावीळ झालीच होती. ती कशानं झाली, तेवढं सांगितलं नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात तुम्हाला ताप आला. आठवडाभर होता, उतरला. त्यानंतरच्या रविवारी तुम्ही ग्लास हुंगून म्हणालात, "अक्रोडाची साल. संत्र्याची वाळकी साल. जुन्या लाकडी पेटीचा आतला वास. किंचित धूर." पुढच्या महिन्यात तेच, त्याच क्रमानं. मी वही मागे चाळली. पहिल्या पानावरचं वाक्य जसंच्या तसं होतं. त्याच आठवड्यात दूध करपून सगळ्या घरात वास सुटला होता आणि तुम्ही ओट्याशेजारी मटार सोलत शांतपणे बसला होतात. मी धावत येऊन गॅस बंद केला, तर म्हणालात, "अगं, बघणारच होते."

मी सरळ विचारायला हवं होतं. त्याऐवजी मी तुमची परीक्षा घेतली. पुढच्या रविवारी, तुम्ही फोनवर असताना, तुमच्या ग्लासात मी गार झालेला कोरा चहा ओतला. रंग तोच.

असं का केलं, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. खात्री करायची होती, हे एक उत्तर. पाच-सहा वर्षं तुम्ही मला तपासत आला होतात, एकदा मला तुम्हाला तपासायचं होतं, हे दुसरं. दुसरं जास्त खरं आहे. ते तुम्हाला सांगायचं राहिलं, म्हणून आज सांगते.

तुम्ही ग्लास नाकाशी नेलात, डोळे मिटलेत. "आज संत्र्याची साल जरा जास्त आहे." मग घोट घेतलात. डोळे उघडलेत. ग्लास खाली ठेवलात. 

"चहा आहे."

"हो."

"कधीपासून कळलं तुला?"

"दूध करपलं तेव्हापासून."

"टेस्टर आहेस खरी." मग म्हणालात, "नाक कापलं जातं एवढं ऐकून होते. नाक नुसतं उठून निघून जातं, हे माहीत नव्हतं. तीस वर्षं लोक माझ्यासमोर कागदाच्या पट्ट्या धरायचे, देवधरबाई, हे चालेल का? मी मान हलवली की माल पुढे जायचा. आता माझ्या साडीला कसला वास येतो, ते मला कळत नाही. आंघोळ दोनदा करते."

तुम्हाला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. तेव्हाही नीट पाहिलं नाही. तुम्ही खिडकीकडे तोंड केलं होतंत. मला इतकी लाज वाटली की काहीतरी द्यावंसं वाटलं, आणि माझ्याकडे देण्यासारखं एकच होतं. म्हटलं, "आई, माझे बाबा दारूनं गेले. मोहाच्या."

तुम्ही वळलात. "वय काय होतं?"

"त्रेचाळीस."

"तू?"

"दहावीत."

मग मी सगळं सांगितलं. दारात पडलेले बाबा, आईनं आणि मी त्यांना ओढत आत घेणं, त्यांच्या शर्टाचा वास, शाळेत तो वास माझ्या दप्तराला येतोय अशी मला सतत वाटणारी भीती. मध्ये एकदाही तुम्ही 'का' विचारलं नाहीत. सांगून झाल्यावर तुम्ही उठलात, तो चहा बेसिनमध्ये ओतलात आणि म्हणालात, "आता मला खरी दे. नाक तुझं, जीभ माझी. दोघींत मिळून एक माणूस होतं का बघू."

तेव्हापासून वहीत मधोमध रेघ आली. डावीकडे 'नाक', माझ्या अक्षरात. उजवीकडे 'जीभ', तुमच्या. आंबट, कडवट, शेवटी घशात ऊब, गोडवा नावापुरता, एवढं तुम्हाला अजून कळत होतं आणि तेवढ्यावर तुम्ही पान पान लिहीत होतात. उरलेलं मी सांगायचं. चुकले तर हटकायचात. "धूर म्हणजे कसला? चुलीचा, उदबत्तीचा, की गवत जाळल्याचा?" मी पुन्हा वाकायचे. वस्तूकडे एवढ्या सावकाश बघायला मला तोवर कोणी शिकवलं नव्हतं.

त्याच्या पुढच्या महिन्यात मी म्हटलं, "आज मला चाखायची आहे."

"कोणाला दाखवायला?"

"कोणाला नाही. बघायचंय."

तुम्ही चमच्यात चार थेंब दिलेत. मला ती आवडेल, बाबांना आवडली तशी, अशी भीती होती. पण नाकाला गुळाचं आमंत्रण आणि जिभेवर चक्क कैरी! माझं तोंड बघून तुम्ही इतक्या हसलात की खोकला लागला. ना मी वाहवले, ना काही. चार थेंब होते, ते गेले. अठरा वर्षं ज्याला मी घाबरत होते ते चमच्यात मावलं. त्यानंतर मी परत चाखली नाही, चाखावीशी वाटली नाही. पण भीती गेली, आणि भीतीच्या खाली दबलेली आजी, तिची टोपली, ते उजाडणारं रान मला परत मिळालं. ते तुम्ही दिलंत.

भांडण मात्र उरलंच. तुम्ही म्हणालात, "वस्तूचा काय दोष? फूल ते फूल."

मी म्हटलं, "तुमच्या दारात कोणी पिऊन पडलेलं नाही, म्हणून तुम्हाला हे सुचतं."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघताना दारात येऊन म्हणालात, "तू म्हणतेस ते बरोबर असेल. मीही बरोबर आहे. यातून काय निघतं ते बघू." त्यातून अजून काही निघालेलं नाही. मी माझ्या जागी आहे, आणि तुम्ही तुमच्या जागा सोडण्यातल्या नव्हतातच.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या आईनं गावाकडच्या एका मुलीबरोबर वाळलेल्या मोहाचं पुडकं पाठवलं. फोनवर विचारत होती, "तुया सासूले कायले पायजेत वं मोहफुलं?" मी काय सांगणार! तुम्ही एक फूल घेऊन सावकाश चावलंत, अर्धा मिनिट. "गोड. मग किंचित कडू. चिकट." वहीत मदेरा सोडून दुसऱ्या कशाची तेवढी एकच नोंद आहे. मग म्हणालात, "येत्या चैत्रात मला घेऊन चल. वास नाही तर नाही. पडताना आवाज होतो म्हणालीस ना, तो ऐकीन."

मी हो म्हटलं होतं. तिकिटं काढायची होती.

आणखी एक तुम्ही मागे लागला होतात. "निखिलला सांग तुझ्या बाबांचं. नवऱ्यापासून एवढं मोठं लपवून कशाला ठेवायचं?" मी दर वेळी टाळत होते. आपल्यात यावरून दोनदा चांगली खडाजंगी झाली. शेवटची, तुम्ही हॉस्पिटलात जायच्या आदल्या शनिवारी. "माझं मी बघेन," असं मी तोडून बोलले. सोमवारी सकाळी तुमचा उजवा हात कप धरेना. पुढचे चार दिवस तुम्ही बोलू शकला नाहीत. मी तुमच्या उशाशी बसून बरंच बोलले, पण माफी मागितली नाही. मागितली असती तर तुम्ही घाबरला असतात, इतकी वाईट अवस्था आहे की काय म्हणून.

तर आजचं.

चार वाजता मी तुमच्या खोलीत नुसतीच बसले होते. निखिल आला. गेले तीन आठवडे तो फक्त कामं करत होता. दाखले, बँक, फोन. येऊन तुमच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "आज पहिला रविवार ना? मला दे. जीभ."

मी मोजून पंधरा ओतली. वास घेऊन डावीकडे लिहिलं. त्यानं घोट घेतला आणि त्याचा चेहरा असा झाला की मला हसू फुटलं, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

"ईऽ! हे तुम्ही दोघी दोन वर्षं करत होतात? आपणहून?"

"लिही."

त्यानं उजवीकडे लिहिलं, "आंबट. भयंकर." मग थोडं थांबून खोडून "भयंकर हा अभिप्राय आहे" असं लिहिलं आणि वही बाजूला ठेवून रडला. मी त्याला रडू दिलं. तो सावरल्यावर मी त्याला सांगितलं. बाबांचं. दार, शर्ट, दहावी, सगळं.

तो ऐकत होता, पण त्याला धक्का बसला नाही. मी थांबले.

"तुला माहीत होतं?"

"लग्नाच्या आधीपासून. तुझ्या काकांनी आम्हाला सांगितलं होतं. फसवल्यासारखं नको म्हणून."

"आम्हाला म्हणजे?"

"मला आणि आईला." त्यानं डोळे पुसले. "आई तेव्हाच म्हणाली, तिला सांगायचं असेल तेव्हा ती सांगेल. तोवर या घरात कोणी विचारायचं नाही. माझ्याकडून कबूल करून घेतलं तिनं."

मला तो पहिला रविवार दिसत होता. मी नको म्हटल्यावर तुम्ही एका 'का'वर थांबला होतात. आणि चहाचा तो रविवार. तुमचं नाक गेल्याचं उघडं पडलेलं, डोळ्यांत पाणी, आणि तरीही तुम्ही माझ्याकडे वळून 'वय काय होतं' असं विचारलंत, जणू पहिल्यांदाच ऐकत होतात. मला ते माझ्या तोंडानं, माझ्या पद्धतीनं, पहिल्यापासून सांगता यावं म्हणून.

परवा त्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू भेटायला आल्या होत्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "फटकळ होत्या हो, पण मनात काही ठेवायच्या नाहीत."

मी "हो" म्हटलं होतं. आज कळतंय, तुम्ही सात वर्षं ठेवलं होतंत. माझ्यासाठी.